कुत्र्याची फेरी व्यायामात धरायची का नाही?

टिळकवाडी_अक्का

मंडळी, घरात या विषयावरून रोज वाजतंय, म्हणून धागा काढते. आमच्या ह्यांना शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज अर्धा तास झपाझप चाला, अंगाला घाम सुटला पाहिजे. हे म्हणतात, "मी दोन वेळा ब्रूनोला फिरवून आणतो की, आणि वेगळं काय चालायचं?" माझं म्हणणं, तुम्ही जे करताय त्याला चालणं म्हणत नाहीत. ते उभं राहणं आहे, फक्त जागा बदलून बदलून.

ब्रूनो म्हणजे आमचा लॅब्राडोर. लेकीनं लॉकडाऊनमध्ये आणला, "मी सगळं बघते आई, तुम्ही हात लावू नका" म्हणून. ऑफिस उघडलं, ती गेली बेंगळुरूला, ब्रूनो राहिला आमच्या पदरी. आता वजन ३५ किलोच्या वर.

फेरी कशी असते ते सांगते, म्हणजे तुम्हीच ठरवा. गेटातून बाहेर आलं की पहिला विजेचा खांब. त्याचा खालून वास, मग मागनं, मग परत खालून. नंतर शेजारच्यांच्या स्कूटरचं मागचं चाक. चार पावलं पुढं जाऊन साहेब एकदम थांबणार आणि पुन्हा पहिल्या खांबाकडं वळणार, का तर मघाशी काहीतरी हुंगायचं राहिलं. मी वरच्या गॅलरीतून बघत असते. चहा ठेवला, उकळला, गाळला, पिऊन कप विसळला, तरी हे दोघं आमच्याच कंपाउंडच्या कोपऱ्यावर. ह्यांच्या एका हातात पट्टा, दुसऱ्या हातात मोबाईल, आणि तोंडानं "चल की रे राजा, चल की".

निघताना ठरलेलं असतं काँग्रेस विहिरीपर्यंत जायचं म्हणून. १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इथं बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं तेव्हा देशभरातनं माणसं त्या विहिरीपर्यंत पोचली. आमच्या ह्यांना घरापासून अजून जमलेलं नाही.

तर सांगा, हे व्यायामात धरायचं का?

अनगोळकर

अक्का, हसून हसून पोट दुखलं. पण तुमचा ब्रूनो थांबतो तरी. आमची ज्युली थांबत नाही. ती ओढते.

गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत बरी असते. एकदा मोठ्या रस्त्याला लागली की मान खाली घालते आणि सुटते. मी मागं झुकून, टाचा रोवून, चपला घासत तिच्या मागं. लोक विचारतात, "काय ओ, जिमला जाताय वाटतं, दंड बरे झालेत?" एकच दंड बरा झालाय, उजवा. डावा तसाच आहे. शर्ट शिवायला टाकला तर टेलरनं दोनदा माप घेतलं.

आणखी एक. हिला घरात सगळे मराठीत ओरडतो, "ये हकडं", "बस खाली". ढिम्म. सकाळी दूधवाला येतो, तो कानडीत नुसतं "बा इल्ली" म्हणतो आणि ही शेपूट हलवत त्याच्या पायाशी जाऊन बसते. घरात खाते आमचं, ऐकते त्याचं.

मांजरप्रेमी

म्हणून मांजर पाळावं. इति.

गणेशपूर_सुभेदार

कुत्रं ओढतं याचा अर्थ मालक ढिला आहे. मी मराठा लाइट इन्फंट्रीतनं रिटायर झालोय, बेळगावच्याच सेंटरला ट्रेनिंग झालं. माझा नियम साधा. सकाळी ५ ला गेटाबाहेर. कुत्रं डाव्या बाजूला, त्याचं डोकं माझ्या गुडघ्याच्या रेषेत. पट्टा सैल. हिंडलगा रोडनं जायचं, त्याच रस्त्यानं परत यायचं. वास घ्यायचा तर परवानगी मिळाल्यावर. आमचा शेरा पहिल्या सहा महिन्यांत हे शिकला. तुम्ही कुत्र्याचं ऐकलंत की तो तुमचं ऐकणार नाही.

अक्का, तुमच्या मिस्टरांना म्हणावं आधी मोबाईल घरी ठेवा.

अनगोळकर

सुभेदारसाहेब, मान्य. एकदम मान्य. पण गेल्या आठवड्यात तुमच्याच भागात एक माकड कंपाउंडवर बसलं होतं आणि एक जर्मन शेफर्ड पट्ट्यासकट रस्त्यानं चालला होता आणि त्याच्या मागं एक गृहस्थ "शेरा, हॉल्ट!" म्हणत धावत होते. ते कोण?

गणेशपूर_सुभेदार

ती वेगळी परिस्थिती होती. माकड अभ्यासक्रमात नाही.

येळ्ळूर_वहिनी

अहो सुभेदार, 😀

मी खेड्यातली, आमच्याकडं पट्टा धरून फिरवायचं हे पोरांनी आणलेलं नवीन खूळ. पण धरलंय आता, तर सांगते. वर्षाचा बाकी व्यायाम एका बाजूला आणि जत्रेनंतरचा एका बाजूला.

आमच्या पट्ट्यात लक्ष्मीची जत्रा म्हणजे काय असते ते इथल्यांना सांगायला नको. घरटी पाहुणे, घरटी मटण. दुसऱ्या दिवशी सकाळी टॉमीला घेऊन बाहेर पडले. गल्लीत जिथं बघावं तिथं हाड. ह्या गटाराच्या कडेला, त्या दगडाआड, मांडवाच्या खांबापाशी. टॉमीला वाटलं देव पावला. एक तोंडात धरलं की मी तिथंच बसायचं, पदर खोचायचा, डाव्या हातानं त्याचा वरचा जबडा, उजव्या हातानं खालचा, आणि आत बोटं घालून हाड ओढून काढायचं. लाळेनं हात कोपरापर्यंत चिकट. शिजलेलं हाड कुत्र्याला देऊ नये हे डॉक्टरांनी चांगलं बजावलंय, त्याच्या चिळका निघतात आणि आतड्यात रुततात. म्हणून सोडता येत नाही. काढलं, उठले, हाड कुंपणापलीकडं फेकलं, तेवढ्यात त्यानं दुसरं धरलं. परत बसा. परत उठा.

मंदिरापर्यंत जाऊन येईस्तोवर माझ्या मांड्या थरथरायला लागल्या. सासूबाई कट्ट्यावर बसून म्हणतात, "एवढं वाकून अंगण झाडलं असतंस तर?"

निपाणीची_सून

वहिनी, जबड्याचं अगदी खरं! आमच्या ब्राउनीनं एकदा अख्खी भाकरी तोंडात धरून तोंड मिटलं, आणि मी काढायला गेले तर गिळतही नाही, सोडतही नाही. नुसतं माझ्या डोळ्यांत बघत उभी. आम्ही दोघी तशाच रस्त्यात. मागनं तंबाखूच्या पोत्यांचा टेम्पो हॉर्न वाजवतोय.

माझं मत अक्कांच्या बाजूनं नाही मात्र. पायाचा व्यायाम होत नसेल, पण तोंडाचा होतो. लग्न होऊन आले तेव्हा मला या गल्लीत कुणी ओळखत नव्हतं. ब्राउनी आल्यापासून कोणाच्या घरी काय शिजलंय, कुणाची सोयरीक मोडली, कोण कोल्हापूरला दवाखान्यात आहे, सगळं कळतं. दर दारात थांबा. "कुत्री चावती काय ओ?" इथून सुरू होतं ते गुडघेदुखीवर जाऊन थांबतं. हुंगायचं काम ब्राउनी करते, बातम्या मी गोळा करते.

चिकोडी_अण्णा

तुमची सगळ्यांची कुत्री खांबापाशी थांबतात. माझ्याकडं मुधोळ जातीचा आहे. तो थांबत नाही, दिसत पण नाही.

मुधोळ आमच्यापास्नं लांब नाही, घटप्रभेच्या काठचं गाव, बागलकोट जिल्हा. तिथल्या घोरपडे राजेसाहेबांनी ही जात सांभाळली, पंचम जॉर्जला जोडी भेट दिली. २००५ ला पोस्टानं तिकीट काढलं. तिम्मापूरला सरकारी केंद्र आहे, पिल्लासाठी नाव लावून ठेवावं लागतं. एवढा थाट बघून मीही आणला, म्हटलं शेताला राखण होईल आणि आपलंही फिरणं होईल.

फिरणं माझं झालं, त्याचं पळणं झालं. ही जात वासावर नाही, नजरेवर चालते. लांब बांधावर काही हललं की मान वर, कान मागं, आणि पुढच्या क्षणाला हातात नुसता पट्टा. डोकं निमुळतं, मान जाड, साधा गळपट्टा असा निसटून येतो. रुंद पट्टा लागतो ते मागनं कळलं. ससा पुढं, हा मागं, मी तिसरा. उसात शिरला की संपलं. ऊस डोक्याच्या वर, पाती अंगाला कापतात, आणि आत हाका मारत फिरायचं. "राजा, ये रे, राजा!" दुसऱ्या बाजूनं शेजारचा शेतकरी, त्यांचं नाव पण राजाभाऊ, "आलो आलो" म्हणत येतो.

दोन एकर ऊस आडवा-उभा हिंडून बाहेर आलो तर हा बांधावर पाय पसरून बसलेला. जीभ बाहेर. मला बघून जांभई दिली.

अक्का, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: मुधोळ असेल तर व्यायामात धरा.

गणेशपूर_सुभेदार

मुधोळ आर्मीनंही घेतलेत. २०१६ मध्ये मेरठच्या केंद्रात पिल्लं ट्रेनिंगला नेली होती. तिथं ती उसात जात नाहीत.

चिकोडी_अण्णा

तिथं ऊस नसेल साहेब.

(मेरठला ऊस असतो हे मला माहीत आहे. गप्प बसा कुणीतरी सांगायच्या आधी.)

फिजिओ_कॅम्प

गंमत चालू द्या, पण अक्कांनी विचारलंय तर माझ्या धंद्याच्या अंगानं लिहितो.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम जोराचा व्यायाम सांगते. मध्यम जोर ओळखायची सोपी रीत म्हणजे चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. अक्का, मिस्टर फेरीत गाणं म्हणतात का? म्हणत असतील तर तुमचं बरोबर आहे.

आता त्यांच्या बाजूनंही ऐका. इंग्लंडमध्ये लिव्हरपूल विद्यापीठाच्या लोकांनी २०१९ साली एक अभ्यास छापला, त्यात कुत्रं असलेल्यांची ही १५० मिनिटांची अट पुरी होण्याची शक्यता कुत्रं नसलेल्यांच्या चौपट निघाली. म्हणजे कुत्रं घराबाहेर काढतं, हे खरं. पण तिथले रस्ते, तिथली मोकळी मैदानं वेगळी. आपल्याकडं दर वळणावर गल्लीतल्या कुत्र्यांची टोळी वाट बघत असते, तिथं कुत्रा आणि मालक दोघांचा वेग आपोआप शून्य होतो किंवा मग एकदम फार वाढतो.

अनगोळकर, तुमच्यासाठी खास. पट्टा मनगटाला गुंडाळता का? गुंडाळू नका. त्याच २०१९ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात आकडे आले: ६५ वर्षं आणि पुढच्या वयात, पट्ट्याला कुत्रं धरून फिरवताना हाड मोडून इमर्जन्सीत आलेल्यांचा वर्षाचा अंदाज २००४ मध्ये १,६७१ होता, तो २०१७ मध्ये ४,३९६ झाला. त्यात तीन चतुर्थांशाहून जास्त बायका, आणि सगळ्यात जास्त मोडलेलं हाड खुब्याचं. माझ्याकडं येणाऱ्यांत तर मनगटवालेच जास्त दिसतात. पट्टा तळहातात धरा, गळपट्ट्याऐवजी छातीला बांधायचा हार्नेस घ्या, पुढच्या बाजूला कडी असलेला. ओढ कमी होते. दंड पण दोन्ही सारखे राहतील.

अनगोळकर

गुंडाळतो. आजपास्नं नाही. धन्यवाद डॉक्टर.

खानापूरवाला

वाचून मज्जा वाटली. आमच्यात कुत्र्याला फिरवत नाहीत ओ. कुत्रं फिरून येतं आणि आपल्याला सांगतं.

आमचं घर खानापूरच्या खाली, भीमगडाच्या जंगलाकडं. काळू सकाळी माझ्याबरोबर शेताला येतो, मी चिखलात, तो बांधावर. मधे कुठंतरी जाऊन येतो. पट्टा त्याच्या गळ्यात आहे, पण तो धरायला नाही. पत्र्याचा, बाहेरून खिळे असलेला. बिबट्या मान धरतो म्हणून. हकडं रात्री कुत्रं अंगणात बांधून ठेवलं तर सकाळी साखळीच उरते, असं झालंय गावात.

पावसात मात्र गंमत असते. आमचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, जूनला लागला की सुटत नाही. काळूला पाऊस आवडत नाही. शेताला जायचं म्हटलं की दाराच्या उंबऱ्यावर पुढचे दोन पाय ठेवून आभाळाकडं बघतो आणि मागं फिरून चुलीपाशी. तेव्हा कोण कुणाला फिरवतं? मी इरलं घेऊन एकटाच जातो. तो येतो जेवायच्या वेळेला.

शहरवाल्यांना एकच सांगणं, पावसाळ्यात गोचिड बघा, कानात आणि बोटांच्या बेचक्यात. आणि रेबीजचं इंजेक्शन दर वर्षी. आमच्या गावात पण आता सगळे घेतात, पूर्वी घेत नव्हते.

सध्या_दोहा

मूळचा शहापूरचा. इथं उन्हाळ्यात दुपारी कुत्रं बाहेर काढलं तर पंजे भाजतात. हाताचा मागचा भाग रस्त्याला लावून बघायचा, पाच-सात सेकंद टेकवता आला नाही तर घरी परत. आम्ही रात्री फिरवतो. बेळगावची हवा आठवली की रडू येतं. तुम्ही लोक तक्रार करता? डिसेंबरात क्लब रोडला झाडाखालून पहाटे चालायचं, अंगात स्वेटर, आणि कुत्रं बरोबर. मी इथं पैसे देऊन तो गारवा विकत घेईन.

शहापूर_काका

आता माझं ऐका, कारण माझ्याकडं पुरावा आहे.

मुलगा पुण्यात आयटीत. त्यांच्या ऑफिसात पावलांची स्पर्धा लागली, महिनाभर, हाताला पट्टा बांधायचा आणि पावलं आपोआप जमा. मुलाला खुर्चीतनं उठायला वेळ नाही. रविवारी घरी आला, जाताना तो पट्टा माझ्या हाताला बांधून गेला. "बाबा, तुम्ही आमच्या मोतीला फिरवता ना, तेवढंच करा. फक्त मोबाईल चार्ज ठेवा."

मी मोतीला नेहमीसारखं नेलं. किल्ल्याच्या तलावापर्यंत, परत कपिलेश्वरावरून. मोती गल्लीतनं ओढतो, तलावाकाठी बदकं बघून पळतो, येताना दमून बसतो, मग मी त्याला उठवायला त्याच्याभोवती फेऱ्या मारतो. त्या फेऱ्या पण मोजल्या जातात, हे मला नंतर कळलं. मुलगा स्पर्धेत वर वर चढत गेला. त्याच्या साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं, "एवढं काम असून हा रोज चालतो बघा." बक्षीस म्हणून जिमचं सभासदत्व मिळालं. पुण्यातलं.

अक्का, ह्यांच्या हाताला एकदा बांधून बघा. पट्टा खोटं बोलत नाही. (माणूस बोलतो.)

फिजिओ_कॅम्प

काका, दंडवत. फक्त एक, त्या १०,००० पावलांच्या आकड्याला फार डोक्यावर घेऊ नका. तो कुठल्या डॉक्टरांनी काढलेला नाही. १९६५ साली जपानात पावलं मोजायचं यंत्र बाजारात आलं, त्याच्या विक्रीसाठी तो गोल आकडा धरला. त्याहून कमी चाललं तरी फायदा आहेच. आणि शुगरसाठी पावलांच्या संख्येइतकंच जेवणानंतर थोडं चालणंही कामाला येतं.

अक्का, माझा सल्ला असा. दोन वेगळ्या फेऱ्या करा. पहिली मिस्टर एकटे, झपाझप, अर्धा तास. दुसरी ब्रूनोची, त्याच्या वेगानं, त्याला पाहिजे तितके खांब हुंगू द्या. कुत्र्याला वास घेणं हाच डोक्याचा व्यायाम असतो, तो ओढून तोडला की कुत्रं घरी येऊन सोफा फाडतं. एकाच फेरीत दोघांचा व्यायाम बसवायला गेलात तर दोघंही उपाशी राहतात.

मांजरप्रेमी

आमची मनी सोफ्यावरून खिडकीत जाते आणि खिडकीतून सोफ्यावर येते. तिची आणि माझी दोघांची शुगर नॉर्मल आहे.

निपाणीची_सून

मनीची शुगर तपासली?

टिळकवाडी_अक्का

सगळ्यांना धन्यवाद. ताजी खबर देते.

डॉक्टरांचं ऐकून ह्यांना एकट्याला बाहेर काढलं. मोबाईल काढून घेतला. ब्रूनो दारात उभा राहून असा रडला की वरच्या मजल्यावरच्या काकू खाली आल्या. तरी मी ह्यांना ढकललंच.

हे गेले काँग्रेस रोडनं. तिथं काय झालं ते ह्यांच्याच तोंडून ऐकलंय. इतकी वर्षं त्या रस्त्यानं फिरणारे लोक, फुलवाली, पेपरवाला, बाकावरचे निवृत्त मास्तर, कुणीही ह्यांना ओळखलं नाही. फुलवालीनं दोनदा बघितलं आणि मग म्हणाली, "अय्या, ब्रूनोचे काय तुम्ही? एकटेच? तो बरा आहे ना?" पुढं मास्तरांनी पण तेच विचारलं. मग एका बाईंनी थांबवून काळजीनं विचारलं, कधी गेला म्हणून. ह्यांना प्रत्येकाला थांबून सांगावं लागलं की ब्रूनो घरी आहे, ठणठणीत आहे, जेवून झोपलाय. झपाझप वगैरे काही झालं नाही. उलट नेहमीपेक्षा जास्त वेळ उभे राहून आले.

आता हे म्हणतात, ब्रूनो बरोबर असतो तेव्हा निदान लोक मला सोडून त्याच्याशी बोलतात.

गणेशपूर_सुभेदार

हे सगळं शिस्तीअभावी होतंय. अक्का, उद्या सकाळी बरोबर ५ ला तुमच्या मिस्टरांना व्हॅक्सिन डेपोपाशी पाठवा. मी येतो. ब्रूनोलाही पाठवा, शेराबरोबर लाइनीत चालवतो.

टिळकवाडी_अक्का

ब्रूनो तयार आहे, विचारल्या विचारल्या पट्टा तोंडात घेऊन आला. ह्यांचं विचारून सांगते, पांघरूण डोक्यावर घेतलंय.